एकशे त्रेचाळीस कच्च्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

माझ्या लेकीला, निकिताला, जाऊन आज सत्तावन्न दिवस झाले. हे मोजणं थांबवायला हवं.

जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिते आहे. रविवारी वहीत पक्कं उतरवायचं आणि ही पानं फाडायची. चौतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात हाच नियम होता आणि घरातही. कच्चं काम कुणाला दाखवायचं नसतं.

दुपारी कल्याण आला. पिंपळदऱ्याचा, माझाच विद्यार्थी, निकिताच्या दोन वर्षं पुढे होता. विहिरींचं ॲप या दोघांनी मिळून काढलं. पारनेर तालुक्यातल्या बारा गावांच्या सव्वीस विहिरी. दर आठवड्याला दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, मोबाईलमध्ये भरायचं, म्हणजे उन्हाळ्यात टँकर कुठे लागणार ते गावाला आधी कळतं. १ मेच्या ग्रामसभांत आलेख वाचून दाखवायचे आहेत.

वाळलाय पोरगा. मी चहा टाकला तर म्हणाला, "बाई, आलं नको. निकिताला चालत नाही."

अडचण अशी. कामाची मूळ वही एकच असते, तिला हे लोक मेन म्हणतात. निकिता ऑगस्टपासून घरून काम करायला लागली तेव्हा तिने मूळ वहीची एक नक्कल काढली आणि त्यात लिहीत गेली. अशा नकलेला ब्रँच म्हणतात. कल्याण इकडे मूळ वहीत लिहीत राहिला. पाच महिन्यांत दोन्हींत बराच फरक पडला. आता त्यांची एक वही करायची. त्याला मर्ज म्हणतात.

"मग कर की. मला कशाला विचारतोस?"

"काम तिचं आहे, बाई. एकट्याने करवत नाही."

म्हटलं, दर रविवारी दहाला ये. उशीर चालणार नाही.

१० मार्च

एक गोष्ट नोंदवून ठेवते. निकिता गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा विधी केला, त्या दिवशी मी तिचा लॅपटॉप शाळेला दिला. देण्यापूर्वी पूर्ण रिकामा करून घेतला. वस्तू स्वच्छ करून द्यावी. कल्याणला काल हे सांगितलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्यात बघण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

१६ मार्च, रविवार

दहाला पाच मिनिटं कमी असताना आला.

एकत्र करायच्या रीती तीन आहेत. माझ्यासमोर चौरेघी वह्या ठेवून त्याने समजावल्या. मुलगा शिकवतो बरा. मी शिकवलेलं वाया गेलं नाही.

पहिली रीत साधा मर्ज. दोन्ही वह्या जशाच्या तशा राहतात, प्रत्येक नोंद आपापल्या तारखेसह आणि नावासह. शेवटी एक गाठ मारायची, तिथून पुढे वही एक.

दुसरीला रीबेस म्हणतात. निकिताच्या नोंदी उचलून त्याच्या कामाच्या पुढे एकेक करून नव्याने लावायच्या. वही सरळ दिसते. जणू तिने ते सगळं त्याच्यानंतर लिहिलं.

"नंतर ती नव्हतीच," मी म्हणाले.

त्याने ती वही मिटून बाजूला ठेवली.

तिसरी रीत स्क्वॅश. तिच्या सगळ्या नोंदी एकत्र दाबून एकच नोंद करायची. काम सगळं येतं, पण मधली खाडाखोड, चुका, अर्धवट सोडलेलं काही दिसत नाही.

"तिच्या नोंदी किती?"

"एकशे त्रेचाळीस. प्रत्येकीबरोबर तिने दोन ओळी लिहिल्यात, काय केलं, का केलं."

"तू वाचल्यास?"

"नाही, बाई. उघडवत नाहीत."

तिच्या ब्रँचचं नाव तिने इंग्रजी अक्षरांत काय ठेवलंय, तर 'कच्ची वही'. मी म्हटलं, झालं तर मग, तिनेच सांगून ठेवलंय. आजारी माणसाची खाडाखोड चारचौघांना कशाला दाखवायची? एक स्वच्छ नोंद कर.

"बाई, साधा मर्ज केला तर..."

"पक्की वही मागितली की पक्की वहीच द्यायची, कल्याण."

"हो, बाई."

२३ मार्च, रविवार

एकतीस ठिकाणी दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदललेली आहे. तिथे मशीन अडून बसतं आणि म्हणतं, कुठली ठेवू ते तुम्ही सांगा. मी दोन्ही ओळी मोठ्याने वाचायला लावल्या आणि निकाल दिले. एकोणीस ठिकाणी तिचं बरोबर, अकरा ठिकाणी त्याचं. एका ठिकाणी दोघांचंही चूक, तिथे दोघांनाही बोलले. म्हणजे त्याला बोलले.

तो हसला. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच असावा.

प्रत्येक विहिरीसाठी तिने कठड्याची उंची लिहिलेली आहे. दोर कठड्यावरून सोडतात, म्हणून ती वजा केल्याशिवाय जमिनीपासूनची पातळी मिळत नाही. बारा नंबरच्या विहिरीपुढे मात्र शून्य.

"हिला कठडा नाही?"

"आहे, बाई. आमच्याच मळ्यातली विहीर आहे. ती त्या कठड्यावर बसायची."

"मग शून्य का?"

"माहीत नाही."

निष्काळजीपणा. तिच्या अंगी हा नव्हता.

३० मार्च, रविवार

पाडवा असूनही आला. म्हटलं, घरी सण नाही का? म्हणाला, "यंदा नाही, बाई." त्यांच्यात वर्षभरात घरचं कुणी गेलं तर सण करत नाहीत. कोण गेलं ते विचारलं नाही. चुलते बरेच आहेत त्याला.

काम झालं. एकशे त्रेचाळिसाची एक नोंद झाली. मशीनने पुढे कुठेही तक्रार केली नाही. मी विचारलं, आता ती कच्ची ब्रँच सर्व्हरवर कशाला ठेवायची? त्याने सर्व्हरवरून काढली. बोट बटणावर ठेवून बराच वेळ थांबला होता. मीच म्हटलं, दाब.

निकालांचा कागदही मी फाडला. टेबल मोकळं झालं.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. ऊन फार होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी भागवत यांचा फोन आला. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. सात नंबरची विहीर तेच मोजतात.

"बाई, तुमच्या मोबाईलात पानी लई वर आलंय."

"म्हणजे?"

"म्हंजी विहिरीत न्हाई, मोबाईलात. मी परवा दोर वाढवून बांधला आन हे म्हनतंय पानी चढलं. आता मोबाईलातलंच शेंदू का?"

मी कागद घेतला. त्यांनी कठड्यावरून मोजलं चौदा मीटर साठ. निकिताने लिहिलेली कठड्याची उंची ब्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे जमिनीपासून तेरा अठ्ठ्याहत्तर यायला हवं. ॲप दाखवतं बारा अठ्ठ्याऐंशी. फरक बरोबर नव्वद सेंटिमीटरचा. आणखी चार विहिरींचे आकडे मागवले, तिथेही नव्वदच. सगळ्या गावांना आहे त्यापेक्षा जास्त पाणी दिसतंय. यावर विसंबून एखाद्या ग्रामसभेने टँकर नको म्हटलं असतं तर?

कल्याणला फोन केला. अर्ध्या मिनिटात त्याच्या लक्षात आलं. त्याने सगळ्या विहिरींना सरसकट नव्वद धरून आकडा भरतानाच वजा केले होते. निकिताने प्रत्येक विहिरीची खरी उंची आलेख काढताना वजा केली होती. जागा वेगळ्या, ओळी वेगळ्या, म्हणून मशीन अडलं नाही. दोन्ही ठेवलं. कठडा दोनदा वजा झाला.

मशीन अडलं नाही ते समजू शकते. एकतीस निकाल देताना माझ्याही लक्षात आलं नाही, याचं काय?

१३ एप्रिल, रविवार

कल्याणचे नव्वद काढून टाकायचे, हे सोपं. पण निकिताच्या सव्वीस उंचींपैकी अकरांपुढेही नव्वदच आहे. त्या मोजलेल्या आहेत की तिने तात्पुरत्या धरल्या होत्या? मोजलेल्या असतील तर ठेवायच्या, धरलेल्या असतील तर माणसं पाठवून मोजायच्या. हातात दोन आठवडे.

"तिने कुठे लिहिलं असेल?"

"नोंदींत, बाई. उंची बदलली की का बदलली ते ती लिहायची."

ते आम्ही दाबून एक केलं.

मी म्हटलं, निदान तिच्या ओळी कुठल्या ते दाखव, त्यावरून काही कळेल. प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते मशीन सांगतं. त्याने पडद्यावर आणलं. डावीकडे नावं. कल्याण, कल्याण, कल्याण. खालपर्यंत सरकवलं. सगळीकडे कल्याण.

"निकिता कुठे आहे?"

"स्क्वॅश मी केला ना, बाई. जो करतो त्याचं नाव लागतं. मी वर्णनात तिचं नाव लिहिलं होतं, पण ओळींपुढे..."

पाच महिने अंथरुणात उशीला टेकून ती लिहीत होती. मी तिच्या पाठीला उशी लावून द्यायचे आणि म्हणायचे, पुरे आता. आणि पडद्यावर तिचं नाव एकाही ओळीपुढे नाही. ते मी पुसलं. लॅपटॉपही मीच पुसला. खोली आवरताना तिचं कपाटही एका दिवसात रिकामं केलं होतं. स्वच्छ.

तो म्हणाला, "बाई, पाणी आणू?"

मग म्हणाला, "एक सांगायचंय. रागावू नका."

"बोल."

"सर्व्हरवरून काढली. माझ्या लॅपटॉपवरून काढली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो नाही, तुम्ही फक्त सर्व्हरचं विचारलं होतंत."

वर्गात असं उत्तर कुणी दिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. मी त्याचा हात धरला. लगेच सोडलाही.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी सकाळी सगळ्यांत आधी विहारात मी असते. आज उशिरा गेले. शेजारच्या जयाने विचारलं, निळी साडी नाही? निळी साडी निकिताने घेतलेली. नाही म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

कल्याणने नोंदी छापून आणल्या. बेचाळीस पानं. "तुम्ही वाचा, बाई, मी ओट्यावर बसतो," म्हणाला आणि दोन तास उन्हात बसून राहिला.

उंचींचा प्रश्न पहिल्या तासात सुटला. नव्वदच्या अकरा उंचींपैकी सात खऱ्या मोजलेल्या, चार धरलेल्या. आज त्या चार गावांना निरोप गेले. काम म्हणून एवढंच हवं होतं. पण मी पुढे वाचत गेले. काही इथे उतरवते. तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, मी आपल्या अक्षरांत.

"१९ ऑगस्ट. विहीर ७, कठडा ८२. भागवतकाकांनी मोजला, फोटो पाठवला. कल्याण सगळ्यांना ९० धरतो. आळशी. आईच्या वर्गात होता यावर विश्वास बसत नाही."

"३ सप्टेंबर. बोटं सुन्न आहेत. आजच्या चुका माझ्या नाहीत, औषधाच्या आहेत."

"२२ सप्टेंबर. आलेखाचा रंग बदलला, बाकी काही नाही. रिपोर्ट आला. आईला सांगितलं चांगला आहे. ती गवार निवडत होती. 'मग उद्यापासून जरा चालायला लाग,' म्हणाली."

म्हणाले होते. गवार होती हेही आठवतं. मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं का, ते आठवत नाही.

"८ ऑक्टोबर. आज चालले. फाटकापर्यंत. आई मिनिटं मोजत होती."

"१७ ऑक्टोबर. विहीर १२. मोजायला गेले, मोजली नाही. पट्टी पिशवीतच ठेवली. चांगुणाकाकू म्हणाल्या बस, बसले. मोजून झाली तर पुन्हा यायला निमित्त काय सांगायचं? आईला सांगितलं रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला."

"२ नोव्हेंबर. विहीर १२ पुन्हा बाकी. काकूंकडून भाकरी शिकले. वाकडी झाली. कल्याणने खाल्ली."

"३० नोव्हेंबर. आजचं अर्धवट आहे, चालत नाही, तरी नोंद करते. आई कच्चं फाडायला लावायची. लहानपणी एकदा मी कच्च्या वहीत तिचं चित्र काढलं होतं, तेही त्यात गेलं. इथे फाडता येत नाही, याचं बरं वाटतं."

चित्राचं मला आठवतच नाही.

शेवटची नोंद ६ जानेवारीची. ती गेली त्याच्या पाच दिवस आधीची. "विहीर १२ बाकी. उद्या."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत निकिता म्हणाली होती, आई, कल्याणबद्दल बोलायचंय. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, त्यांचा मळा मोठा, भावकी मोठी. विहिरीवर तुझ्याबरोबर पाणी पितील ते. स्वयंपाकघरात ताट मांडतील का, ते आधी बघून ये, मग बोल.

ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, समजली. पोरगी शहाणी आहे.

ती बघून आली होती.

बाहेर गेले. कल्याणचं तोंड उन्हाने लाल झालेलं. विचारलं, "पाडवा का केला नाही तुम्ही?"

तो ओट्यावरून उठून उभा राहिला.

म्हटलं, आत ये. स्क्वॅश रद्द कर. साधा मर्ज करायचा, तिच्या सगळ्या नोंदींसह. अर्धवट आहेत त्यांच्यासह.

"एकतीस निकाल परत द्यावे लागतील, बाई. तुमचा कागद..."

"फाडला. देईन परत."

२२ एप्रिल

पहाटेपर्यंत एकेक जागा तपासली. या वेळी निकाल वेगळे आले. एकोणीसचे तेवीस झाले. मागच्या वेळी चार ठिकाणी मी तिला चूक ठरवलं होतं, कारण तिने का केलं ते समोर नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार

उद्या ग्रामसभा. चार उंची मोजून आल्या. बारा नंबर राहिली होती. कल्याण म्हणाला, मी मोजतो, घरचीच आहे. म्हटलं, नको, मी येते.

पिंपळदऱ्याला मी पूर्वी कधी गेले नव्हते. विद्यार्थ्यांच्या घरी जायची मला सवय नाही. कल्याणची आई, चांगुणाबाई, अंगणात उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, डोक्यावर पदर, हात पिठाचे. मला आत घेऊन गेल्या. ओट्यावर नाही, बैठकीत नाही, थेट चुलीपाशी. पाट मांडला.

"हितं बसायची," त्या म्हणाल्या. "भाकरी थापताना त्वांड असं वाकडं करायची, आन भाकरी त्याच्यापरीस वाकडी. म्या म्हनायची, तुजी आई गनिताची मास्तरीन ना गं? मग एक गोल कसा ईना तुला?"

मला हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही. चांगुणाबाईंनी पिठाचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

"औंदा गुढी न्हाई उभारली आमी. भावकी इचारती, कोन गेलं तुमच्यातलं? म्या काय सांगू? तुमी तर व्हय म्हनाला न्हवता."

"मला विचारायला का आला नाहीत?"

"पोरगीच नगं म्हनाली. आईला आदी बरं वाटू द्या म्हनली. आजारी ही, आन बरं आईला वाटायचं."

चहा झाला. बिनआल्याचा.

विहीर घरामागे, लिंबाखाली. कठडा दगडी. एका जागी दगड गुळगुळीत झालेला. तो एकट्या तिच्या बसण्याने झालेला नाही, तेवढे दिवस तिला मिळाले नाहीत. पण मी तिथेच बसले. पाणी फार खोल गेलंय, आत वाकून पाहिलं तर बशीएवढं आभाळ दिसतं. पट्टी पिशवीतून काढायला मला बराच वेळ लागला.

चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. दोनदा मोजलं.

कल्याणने लॅपटॉप कठड्यावरच उघडला. आधी मर्ज केला, त्याचे नव्वद काढून. पडद्यावर दोन रेषा वेगवेगळ्या चालत येऊन एकत्र मिळालेल्या दिसल्या. एका रेषेवर तिच्या एकशे त्रेचाळीस नोंदी, तारखांसह, नावासह. मग बारा नंबरपुढचं शून्य मी स्वतः खोडून चौऱ्याहत्तर लिहिलं. सात नंबरचा आलेख उघडून पाहिला. भागवत यांचं पाणी जिथल्या तिथे होतं.

"आता काय केलं, का केलं ते लिहा, बाई. तुमच्या नावाने जाईल."

मी लिहिलं: "विहीर १२. कठडा ७४. निकिताची बाकी होती. तिच्या आईने मोजली."

खाली आणखी एक ओळ लिहिली होती, ती खोडली. मग पुन्हा लिहिली. ती इथे उतरवत नाही. तिथे आहे.

निघताना चांगुणाबाईंनी पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या आणि विचारलं, "झालं का मोजून? आता कशाला याल तुमी हिकडं?"

मी म्हटलं, "घाईत मोजली. पट्टी तिरकी धरली होती बहुतेक. परत यावं लागेल."

"मग रविवारी या," त्या म्हणाल्या. "भाकरी शिकवते."